पास्कलमामांच्या मेणबत्त्या

पास्कलमामा कुणाच्याही वाढदिवसाला कधी आले नाहीत. "जन्म तं बकरीबी घेते," ते म्हणायचे, "त्याचं काय कौतुक?" त्यांना कौतुक बाप्तिस्म्याच्या दिवसाचं. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या बाळाला त्यांनी धर्मबाप म्हणून हातावर घेतलं, त्याच्या घरी दर वर्षी त्या दिवशी त्यांची सायकल हजर. आणि आमच्या चर्चच्या अर्ध्या पॅरिशचे धर्मबाप तेच!

आम्ही अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत राहायचो. मी आणि माझा थोरला भाऊ व्हिक्टर, दोघेही त्यांच्याच वाट्याला आलेले. मामा रेल्वेत गार्ड होते. नोकरी सुटली तरी शिट्टी सुटली नव्हती. फाटकाशी शिट्टी वाजली की आई चहाचं आधण ठेवायची. वाढदिवसाला मात्र या माणसाकडून एक गोळीसुद्धा मिळत नाही, याचा मला भारी राग यायचा.

बाप्तिस्म्याला बाळाच्या नावाने एक मेणबत्ती पेटवून देतात: ही ज्योत जपा. इतरांच्या घरी ती आईबाप ठेवतात. मामांचा आईबापांवर काडीचा भरवसा नव्हता. "लाइट गेली का तुमी तेच लावसान!" म्हणून सगळ्यांच्या मेणबत्त्या त्यांच्या ट्रंकेत. नागपूरच्या उन्हात वितळू नयेत म्हणून ट्रंक माठाशेजारी, ओल्या पोत्याखाली. तरीही माझी वाकलीच. दर वर्षी त्या दिवशी मामा ती आणत; फक्त एका प्रार्थनेपुरती लावायची आणि 'आमेन' म्हणताच फुंकर मारायची, कारण जन्मभर पुरली पाहिजे. मग संत्रा बर्फी.

शेजारच्या रोझीचं लग्न नेमकं तिच्या बाप्तिस्म्याच्या 'दिवशी' आलं. मामांनी भर मांडवात नवरीच्या हातात मेणबत्ती दिली. डोक्यावरच्या जाळीचं टोक पेटलं. मामांनी नवरदेवाच्या हातातलं सरबत हिसकून तिच्यावर ओतलं आणि वर तिलाच झापलं, "हलली काहून वं? आमेन राहिलं ना!"

व्हिक्टर कॉलेजात गेला आणि त्याने रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणं सोडलं. आई रडली, फादर घरी येऊन गेले, तो ढिम्म. मामांना सांगायची कुणाची छाती होईना. शेवटी त्याचा दिवस उजाडला. शिट्टी वाजली. मामांनी मेणबत्ती मांडली, काडी ओढली.

"राहू द्या मामा," व्हिक्टर म्हणाला. "माहा विश्वास नाई राहिला आता."

आईने डोळे मिटले. आता मामा क्वार्टर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. मामांनी काडी विझवली आणि ते खुर्चीत बसले.

"माहाबी जाते गा मधामधात," ते म्हणाले. "एमिली गेली तवा तं साफच गेला. देवळात बसो अन् भिंतीकडं पायत राहो. एक दिवस तुमच्याकडं आलो. तू एवढासा होता. डोळे गच्च मिटून 'आमच्या बापा' म्हणे. ते आयकलं, अन् त्या दिवशी मले जेवन गेलं." त्यांनी मेणबत्ती उगाच रुमालाने पुसली. "तुमाले वाटते, मी द्याले येतो. मी घ्याले येतो बाप्पा."

एमिलीमामी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. या हसऱ्या माणसाच्या घरात काय असेल, हा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनाला शिवला नव्हता. मला रडू फुटलं.

व्हिक्टर खाली मान घालून बसला होता. एकदम म्हणाला, "मामा, तुमचा दिवस कधी असते?"

अख्ख्या पॅरिशचे दिवस पाठ असलेले मामा गोंधळले. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"आगस्टात," ते हळूच म्हणाले. "एमिली शिरा करे."

"मी येतो. प्रार्थनेचं नाई सांगत. पन येतो."

"सकाळीच ये गा," मामा म्हणाले. "त्या दिवशी मी कुठीच जात नाई."