गुरुजींची बदली

धनेश सरांना फुकटच्या गोष्टींचा भारी सोस. फुकट प्रश्नमंजूषा, फुकट नकाशे, फुकट चित्रं. शिकवायच्या कामाचं काही फुकट दिसलं की सरांनी ते मोबाइलवर उतरवलंच म्हणून समजा. "फुकट ते पौष्टिक," म्हणायचे. पण त्या शनिवारी त्यांचं काळीज धडधडत होतं. कुरुळी गावाच्या पुढं, वस्तीवरची त्यांची मराठी शाळा. आणखी दोन-चार पोरं इंग्रजी शाळेत गेली, तर ही बंद होणार आणि उरलेल्यांना हायवेपलीकडच्या शाळेत जावं लागणार. त्या हायवेवर ट्रेलर कसे सुटतात ते तिथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून सरांनी पालकांना बोलावलं होतं. या, बघा, आपल्याकडंही सगळं आधुनिक आहे!

वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्याच्या वर अण्णासाहेब गुरुजींचा हार घातलेला फोटो. गुरुजी याच वर्गात, फळ्यावर लिहिता लिहिता गेले. वाक्य अर्धंच राहिलं. त्याला बरीच वर्षं झाली, पण वस्तीवरची माणसं अजून त्या वर्गात खाकरूनच शिरतात.

मुख्याध्यापिका सुमनताईंनी स्वागताचं भाषण केलं. सरांनी त्यांच्या पदराला बिनवायरचा छोटा माइक लावून ते टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, म्हणून ताई शेजारच्या ऑफिसात गेल्या.

"आता बघा गंमत," सर पालकांना म्हणाले. "हे साधन एकदम फुकट. आपण बोलायचं, ते लिहितं. बोललेलं पोरांना अक्षरात दिसतं. मी बोलतो हं. माझी शाळा सुंदर शाळा."

टीव्ही कोराच. उभी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"माझी शाळा, सुंदर शाळा!" सर ओरडले.

रेघ लुकलुकत राहिली. मग वर्गात कुणी चकार शब्द काढत नसताना पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम.

अर्जुन्या पण आलाय मागं बसलाय तोंड लपवून

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मागच्या बाकावर अर्जुनराव बसले होते. कंपनीला जमीन दिल्यापासून गावात त्यांना 'राव' लावल्याशिवाय कुणी हाक मारत नव्हतं. 'अर्जुन्या' म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते आता फोटोत होतं.

"को... कोन बोलतंय?" अर्जुनरावांचा आवाज चिरकला.

नातवाचा दाखला काढून निगडीच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलंय मला कळत न्हाई व्हय

"आई गं!" अर्जुनराव ताडकन उठले आणि त्यांनी फोटोला हात जोडले. "गुरुजी, सुनेबिगर कुनाला ठाव न्हवतं ओ! चुकलं!"

बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी वर्गात एकदम गार वाटायला लागलं. धनेश सर लॅपटॉपची बटणं बडवत होते. बंद करायचं बटण काही सापडेना, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बोटांना ते सापडावं असं वाटतही नव्हतं. न जाणो, गुरुजींना राग आला तर?

कंपनीत क्वालिटीला असलेला बुद्धभूषण तेवढा शांत होता. "सर, भूतबीत काही नसतं. वायर चेक करा."

बुद्धभूषण पण त्याच वाटेवर पोरगी मैत्री केवढ्या गोष्टी रचते तिथं नेऊन मुकी करतील तिला

बुद्धभूषण खाली बसला. त्याची पोरगी मैत्री शेजारीच होती. तिनं वाचलं आणि बापाकडं बघितलं.

"भूत नसतंच," तो हळूच म्हणाला, "पण हे खरं लिहिलंय राव."

टीव्ही जरा थांबला. लोकांनी श्वास सोडला. तेवढ्यात रेघ पुन्हा सरकली.

मला काय मी आता इथं थोडे दिवस माझी बदली होणार वर बाराव्या मजल्यावर जाऊन निवांत बसणार मग ही शाळा राहू दे न्हाईतर बुडू दे कुणाला सांगू नको

"बदली?" कुणीतरी कुजबुजलं. "गुरुजींची? आता कुठं बदली?"

"बारावा मजला म्हनत्यात," अर्जुनराव वर बोट करून म्हणाले. "सर्गात मजले असत्यात व्हय?"

"म्हणजे इतके दिवस गुरुजी इथंच होते!" एका बाईनं हंबरडाच फोडला. मग कुणी कुणाला आवरायचं? सगळा वर्ग फोटोपुढं उभा राहिला. "गुरुजी, जाऊ नका! बदली रद्द करा! पोरं न्हाई हलवत आमी, शप्पथ!"

गलका ऐकून सुमनताई धावत आल्या. "काय झालं? कोण पडलं?" म्हणत त्यांनी टीव्हीकडं बघितलं, आणि जागच्या जागी थिजल्या. आपला मुलगा शहरात, वाकडला बाराव्या मजल्यावर राहतो, त्याच्या घराजवळच्या शाळेत बदली मागितली आहे, हे त्यांनी सख्ख्या बहिणीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आणि ते तिथं, गुरुजींच्या फोटोखाली, ढळढळीत लिहिलेलं होतं!

"गुरुजी..." ताईंच्या तोंडून एवढंच निघालं.

'गुरुजी' पडद्यावर उमटलं.

आणि धनेश सरांना ताईंच्या पदरावरचा माइकचा हिरवा दिवा दिसला. सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई बहिणीशी फोनवर बोलल्या तेच सगळं उमटलं होतं, आणि दाखल्याचं सुनेनं ताईंनाच विचारलं असणार. अर्जुनराव आणि ताई गुरुजींकडं एकाच वर्गात शिकलेले. गुरुजींची ती 'अर्जुन्या' हाक ताई अजून अर्जुनरावांच्या माघारी मारायच्या! सर बोलायला तोंड उघडणार, तोच अर्जुनराव गरजले, "गुरुजी राहनार असतील तर माझा नातू बी हितंच!" सरांनी तोंड मिटलं. "मॅडम, पदरावर किडा," म्हणत त्यांनी माइक काढून खिशात टाकला.

सोमवारी सकाळी सर शाळेत आले, तर सुमनताई रिकाम्या वर्गात टीव्ही लावून एकट्याच उभ्या होत्या. "गुरुजी, बदलीचा अर्ज मागं घेतला. वाकडचा नातू लई रडला फोनवर. पन तुमची शाळा सोडली न्हाई. अजून काही आज्ञा?"

सरांना वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. पण माणसाची जात! माइक खिशात होता. ते व्हरांड्यात भिंतीआड गेले आणि पुटपुटले. पडद्यावर अक्षरं आली.

धनेशला पोषण आहाराची माहिती भरण्यातून मोकळं कर



"गुरुजींनी जन्मात कुणाला कामातून मोकळं केलं न्हाई," सुमनताई मागं न बघता म्हणाल्या. "आत या, सर."

सर आत गेले. ताईंनी हात पुढं केला. सरांनी माइक बंद करून त्यावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. "मॅडम, चुकलो. अर्ज पुन्हा करा. मी पालकांना खरं सांगतो."

ताईंचे डोळे भरले होते. रागानं की नातवाच्या आठवणीनं, ते सरांना कळलं नाही. एवढ्यात फाटकातून हाक आली. अर्जुनराव नातवाला घेऊन आले होते आणि सोबत शेजाऱ्यांची दोन नवी पोरंही.

"बाई, ह्यांची नावं घाला. गुरुजी हायत न्हवं? न्हाईतर ह्यांचा बाप पाठवायचा न्हाई म्हनतोय."

सुमनताईंनी त्या दोन पोरांकडं बघितलं. मग माइक पदराच्या आत खोचला. "हायत की. बसा, मी रजिस्टर आणते," म्हणाल्या आणि माइक चालू करत ऑफिसात गेल्या.

टीव्हीवरची रेघ लुकलुकली.

बस खाली अर्जुन्या

अर्जुनराव पोरांना घेऊन मटकन खाली बसले. धनेश सर कौतुकानं बघत होते, तोवर पुढचं वाक्य आलं.

धनेश पोषण आहाराची माहिती आजच भरायची आणि माझ्या वाटणीची पण

"ओ सर, उभं काय राहिलाय?" अर्जुनराव घाबऱ्या आवाजात म्हणाले. "गुरुजी सांगत्यात न्हवं? भरा की!"