आयनुराचा नॉमिनी

बँकेची जादा व्याजाची योजना चार वाजता बंद होणार होती आणि साडेतीन वाजले तरी आयनुराचा फॉर्म पुरा झाला नव्हता.

आयनुरा म्हणजे सगुणाबाईंची सून. मुलगा रितेश डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानात गेला आणि डिग्रीसोबत बायकोही घेऊन आला. वरसे गावातल्या घरात तिला चार महिने झाले होते. बालवाडीत शिकवून साठवलेले दोन लाख तिने बरोबर आणले होते. ते कुठे ठेवावेत, यावर ज्यांचं स्वतःचं पासबुक कोरं, त्यांनीही तिला सल्ला दिला होता.

सासू वाईट नव्हती. पण ती आयनुराला पाहुणीसारखं जपायची, आणि पाहुणी कधीतरी परत जाते, हेच आयनुराला खात होतं. आज या घरात आपलं पाऊल पक्कं करायचं, असं ठरवूनच ती सासूला घेऊन रोह्याच्या बँकेत आली होती.

"म्युच्युअल फंडात पैसे वाढतात," काउंटरवरचा क्लार्क आदेश म्हणाला, "पण कमी पण होऊ शकतात."

"कमी का होतील?" सगुणाबाईंनी विचारलं.

"बाजार पडतो ना, मावशी."

"वालाच्या शेंगांचा बाजार पडला तर शेंगा घरी शिजवता तरी येतात. ह्याचं काय शिजवायचं? नको. एफडीच बरी."

आयनुरालाही एफडीच हवी होती. आदेशने सुटकेचा निःश्वास टाकला. "नॉमिनी कोण?"

"आई," आयनुरा सासूकडे बघून म्हणाली. हे तिने घरूनच ठरवून आणलं होतं. तिच्या माहेरी पहिला मान मोठ्यांचा.

"नॉमिनी म्हंजे काय रं?"

"म्हणजे वहिनींचं काही बरंवाईट झालं, तर पैसे तुम्हाला."

सगुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "सून मेली नि सासूनं एफडी मोडली, असं म्हणवून घेऊ मी? खोड ते नाव!"

आयनुराचा चेहरा उतरला. दिलेला मान सासूने भर बँकेत झिडकारला होता.

"मग डॉक्टरांचं टाकू?" आदेशने विचारलं.

"रितेशचं? म्हंजे ह्या पैशात त्यानं दुसरी आणायची?"

"आणतात गो," मागे रांगेतली ठमाबाई म्हणाली. "आमच्या दिरानं वर्षाच्या आत आणली."

रितेश पेणच्या हॉस्पिटलात ड्युटीवर होता. आयनुराने फोन लावला. "पेशंट हाय समोर. कुणाचं पण टाका," म्हणून त्याने ठेवून दिला.

"बघ! ह्याला काय पडलंय?" सगुणाबाई म्हणाल्या.

आदेश घड्याळाकडे बघून घायकुतीला आला होता. त्यात त्याला नको ते सुचलं. "त्यापेक्षा विमाच घ्या. वहिनी गेल्या तर दहापट मिळतात."

"दहापट!" सगुणाबाईंचा आवाज मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेला. "बाबा, आमच्या सुनेनं तुझं घोडं मारलंय काय?"

चार वाजायला सात मिनिटं उरली. आयनुराने कागद गोळा केले. तिचे डोळे भरले होते.

"आई, तुम्हाला माझं काही नको. मला समजलं."

सगुणाबाई खाली बसल्या आणि पिशवीतून स्वतःच्या एफडीची पावती काढली.

"येडी हायस काय गो? मरणाला पण नंबर असतो. आधी माझा, मग तुमचा. साहेब, ह्याच्यावर रितेशचं नाव हाय ना? ते काढा. हिचं लावा. माझ्या माघारी हे हिला."

आदेशने घाईघाईने नवा फॉर्म ओढला. "नॉमिनीची जन्मतारीख?"

आयनुराला अर्थ लागायला जरा वेळ गेला. लागला तशी तिने फॉर्म त्याच्या हातातून हिसकावला.

"नाही सांगणार! आई कुठे जाणार नाहीत! आणि तुम्ही," ती सासूकडे वळून ओरडली, "असं परत बोलायचं नाही!"

अख्खी बँक वळून बघायला लागली. चार वाजले आणि शिपायाने शटर अर्ध्यावर ओढलं. योजना गेली, दोन्ही फॉर्म अर्धवटच राहिले. आदेशने कपाळावर हात मारला.

सगुणाबाई मात्र ठमाबाईला कोपराने ढोसत होत्या. "पायलंस गो? चारचौघांत माझ्यावर वरडली. रुळली आता!"