मोजदार, जसाच्या तसा

मालिकेतून वगळलेलं पात्र, ज्या वाचकाने त्याबद्दल तक्रार केली असेल त्याच्या घरी नेऊन पोचवायचं, हा नियम हरणखेडला लागू होऊन दोन वर्षं झाली होती आणि लोकांच्या तो अंगवळणी पडला होता.

आता बघा, ‘धुक्याची वेस’ ही नऊ भागांची कादंबरी. त्यात राजे, चेटकिणी, बोलणारी कोल्ही, सगळा मालमसाला. तिची टीव्हीवर मालिका करायची म्हणजे काटछाट आलीच. पहिल्या वर्षी तांबूमावशी नावाची स्वयंपाकीण कापली. पोस्टातल्या ज्योती उखळकरबाईंनी चार पानी पत्र लिहिलं, आणि पंधरा दिवसांत तांबूमावशी पत्र्याची ट्रंक घेऊन त्यांच्या दारात हजर झाली. ती अजून तिथेच आहे. भाकऱ्या अशा करते की उखळकरबाईंचं वजन अकरा किलोंनी वाढलं. ड्रॉइंगचे रिटायर मास्तर दंताळे सर, त्यांच्या वाट्याला तीन तोंडांची शेळी आली. खाते तिन्ही तोंडांनी आणि दूध एकाच शेळीचं देते, एवढीच त्यांची कुरकुर. एकंदरीत गावाचं बरं चाललं होतं. त्यामुळे तक्रार करताना कुणी दोनदा विचार करत नसे, आणि पद्माकर टिळेकरांनी तर एकदाही केला नाही.

पद्माकरराव पाटबंधारे खात्यात कारकून आणि ‘धुक्याची वेस वाचक मंडळा’चे चिटणीस. नऊही भाग त्यांना तोंडपाठ. चौथ्या भागाचा एपिसोड लागला तेव्हा मंडळाची बारा माणसं त्यांच्याच बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. एपिसोड संपला, पाट्या वर सरकू लागल्या, तरी मोजदार आला नाही.

“कापला?” दंताळे सर ताडकन उठले. “अहो, मोजदार कापला?”

“त्याच्या जागी नाच घातलाय मेल्यांनी,” उखळकरबाई म्हणाल्या. “तळ्याकाठी नाच!”

पद्माकररावांचे कान लाल झाले. त्यांनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि तक्रार लिहिली. शेवटचं वाक्य त्यांनी उभं राहून वाचून दाखवलं: “मोजदार पुस्तकात आहे तसाच, एक शब्दही न बदलता, आम्हाला मिळाला पाहिजे.” टाळ्या पडल्या. बाराही जणांनी सह्या ठोकल्या. पत्ता अर्थातच चिटणिसांचा.

“मोजदार म्हणजे तोच ना हो,” त्यांची बायको सुनंदा चहाचा ट्रे घेऊन येता येता म्हणाली, “घरातली माणसं मोजणारा?”

टाळ्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तर मोजदार तोच. चौथ्या भागातला सगळ्यात सभ्य माणूस. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काखेत वही. तो घरात येतो, पाणी पितो, माणसं ओळीने उभी करतो आणि मोजतो. पाच असली तर चार मोजतो, आठ असली तर सात. त्याचं मोजणं कधी चुकत नाही. त्याने जेवढी मोजली तेवढीच माणसं घरात उरतात, आणि जे मोजायचं राहिलं ते कोण होतं, हे पुढे कुणालाच आठवत नाही. मग तो वही मिटतो आणि पुढच्या घरी जातो.

टिळेकरांच्या घरात माणसं चार. पद्माकरराव, सुनंदा, पद्माकररावांचे ऐंशी ओलांडलेले वडील आप्पा, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी शर्वरी.

नोटीस बुधवारी आली. ‘आपल्या तक्रारीस अनुसरून मोजदार (नग एक) सोमवारी सकाळी अकरा वाजता आपल्या राहत्या घरी पोचता करण्यात येईल. घरातील सर्व व्यक्तींनी उपस्थित राहावे.’ पद्माकररावांनी ती दोनदा वाचली आणि ते दारातल्या चपलांच्या मांडणीवरच बसले. मंडळी, हा माणूस तीस वर्षं मोजदाराचं कौतुक करत आला होता. त्याची भीती मात्र त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

“शर्वरीला कोल्हापूरला माझ्या भावाकडे धाडते,” सुनंदा म्हणाली. “आजच्या आज.”

“नको!” पद्माकरराव ओरडलेच. “घराबाहेर असतं तेच आधी राहून जातं. पान एकशे एकवीस.”

मग त्यांनी चौथा भाग काढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. पान एकशे अठराच्या कडेला पेन्सिलीने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बाबा हा खरा नाही ना’. शर्वरी तेव्हा सात वर्षांची होती. मोजदार ऐकून ती इतकी घाबरली की तिच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून तिने लिहून विचारलं होतं. खाली पद्माकररावांनी त्याच पेन्सिलीने सुबक अक्षरात उत्तर दिलं होतं, ‘नाही गं राणी. झोप आता.’ ते वाचून पद्माकररावांनी पुस्तक मिटलं, आणि पुढचं वाचायचं तेवढं राहिलं.

शुक्रवारी ते वगळलेल्या पात्रांच्या कक्षात गेले. तिथे गोडांबे मॅडम बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एक कागद पुढे सरकवला.

“माघार घेता येते. आज पाच वाजेपर्यंत. या रकान्यात लिहायचं, ‘हे पात्र नसते तरी पुस्तकाचे काही बिघडले नसते.’ खाली सही.”

“एवढंच?”

“एवढंच. लोकांना तेच जड जातं.”

पद्माकररावांनी लिहिलं. पूर्ण वाक्य लिहिलं. सही करायला पेन टेकवलं आणि वाक्याकडे पाहिलं. मोजदार नसता तरी बिघडलं नसतं? सातव्या भागातलं ओस पडलेलं शहर मग कशाने ओस पडतं? नवव्या भागात राणी एकटी का असते? पेन आपोआप पुढे सरकलं. ‘तथापि’, त्यांनी लिहिलं, ‘सातव्या व नवव्या भागांतील घटनांचा विचार करता या पात्राचे महत्त्व नाकारता येत नाही.’ मग सही केली. पाचला दहा कमी होते. मॅडमनी शिक्का मारला आणि कागद ट्रेमध्ये टाकला.

शनिवारी दुपारी कागद परत आला. वर लाल शाईत शेरा होता: ‘सशर्त माघार ग्राह्य नाही.’ कार्यालय आता सोमवारी अकरालाच उघडणार होतं.

“एक ओळ!” सुनंदाने कागद त्यांच्या अंगावर फेकला. “एक ओळ लिहायची होती तुम्हाला!”

“लिहिली ना मी.”

“आणि खाली काय गिरवून ठेवलंत? कुणी विचारलं होतं तुम्हाला सातव्या भागाचं?”

आप्पा पलंगावर उठून बसले. “मला राहू दे मागे,” ते म्हणाले. “माझं सगळं बघून झालंय.”

“तुम्ही गप्प बसा, आप्पा,” सुनंदा म्हणाली आणि रडायलाच लागली. “मीच राहते. एकदाची सुटेन तरी या पुस्तकांच्या तावडीतून.”

पद्माकररावांनी मनात ठरवून टाकलं होतं. ‘एक’ म्हणायच्या क्षणी जो ओळीत नसेल तो राहतो. त्यांनी ओळीत शेवटी उभं राहायचं आणि अगदी वेळेवर एक पाऊल मागे घ्यायचं. आपण आठवणारही नाही या माणसांना, हे त्यांना कळत होतं, पण दुसरा मार्ग नव्हता. कुणी जागेवरून हलायला नको म्हणून त्यांनी रविवारीच स्टुलावर पाण्याचा तांब्या-भांडं मांडून ठेवलं.

शर्वरी ते बघत होती. “बाबा, तुम्ही मागे सरकणार आहात ना?”

“अभ्यास कर तुझा.”

“मीही वाचलाय चौथा भाग,” ती म्हणाली. “तुम्हीच वाचून दाखवलाय. माझा थरकाप व्हायचा, आणि तुम्ही म्हणायचात, अजून एक पान ऐक.”

सोमवारी साडेदहापासूनच मंडळाची माणसं आपापल्या घरच्या खुर्च्या घेऊन अंगणात येऊन बसली. उखळकरबाईंनी तांबूमावशीलाही आणलं होतं. दंताळे सरांच्या मांडीवर चौथा भाग उघडा होता, ताडून बघायला. “चिटणीस, घाबरू नका,” ते खिडकीतून म्हणाले. “टीव्हीवाल्यांच्या तोंडात मारल्यासारखं होणार आहे आज.”

अकराच्या ठोक्याला कार्यालयाचा शिपाई मोजदाराला घेऊन आला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काखेत वही. त्याने चपला काढल्या आणि भिंतीला समांतर लावून ठेवल्या. शिपायाने आपल्या पोचवहीवर पद्माकररावांची सही घेतली, अभिप्रायाचा फॉर्म टेबलावर ठेवला आणि तो लगबगीने निघून गेला. चौघं ओळीत उभे राहिले: आप्पा, सुनंदा, शर्वरी आणि शेवटी पद्माकरराव. सुनंदाचे दात वाजत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होते.

“पाणी,” मोजदार म्हणाला. आवाज अगदी मऊ होता.

पद्माकररावांनी भांडं पुढे केलं. तो सावकाश पाणी प्यायला आणि भांडं खाली ठेवून थांबला. नुसता थांबून राहिला. अंगणात कुणीतरी पान उलटल्याचा आवाज आला. पाण्यानंतर काय? तीस वर्षं तोंडपाठ असलेलं पान पद्माकररावांना आठवेना.

“गूळ राहिला, बाबा,” शर्वरी हळूच म्हणाली. “पान एकशे अठरा. त्याला नुसतं पाणी देत नाहीत.”

तिने त्यांचा हात दाबला. तिचा तळवा बर्फासारखा गार होता. “तुम्ही हलू नका,” ती म्हणाली आणि ओळीतून निघून आत स्वयंपाकघरात गेली.

“शर्वे, थांब!” पद्माकरराव तिच्यामागे झेपावणार, तेवढ्यात मोजदाराने एक बोट त्यांच्या छातीवर ठेवलं.

“एक.”

बोट सुनंदाच्या खांद्याला लागलं. “दोन.” मग आप्पांच्या कपाळाला. “तीन.”

त्याने वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली.

पद्माकररावांचं तोंड उघडंच होतं. कुणाला तरी हाक मारता मारता ते थांबले होते, पण कुणाला, ते काही केल्या आठवेना. अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. “हुबेहूब!” दंताळे सर ओरडत होते. “शब्दन् शब्द!”

“पुढचं घर कुणाचं?” मोजदाराने चपला घालत विचारलं.

टाळ्या थांबल्या. त्याच्या वहीत तक्रारीखालच्या बाराही सह्या उतरवून घेतलेल्या होत्या, आणि दुसरी सही दंताळे सरांची होती. सर खुर्ची तिथेच टाकून निघाले. मोजदार त्यांच्यामागून चालू लागला, घाई न करता.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाटीत गुळाचा खडा होता.

“तुम्ही काढलात?” सुनंदाने विचारलं.

“नाही. तू काढला असशील.”

“काढला असेन.” ती वाटीकडे बघत राहिली. “अहो, त्याने तीन मोजले. म्हणजे आपण चार होतो.”

“पुस्तकाप्रमाणे चार.”

“मग चौथं कोण होतं?”

“ते आठवत नाही. पुस्तकात तसंच आहे.”

सुनंदा ओट्याला टेकून खाली बसली आणि हमसाहमशी रडू लागली. आप्पांनी कशाला रडतेस म्हणून विचारलं, तर तिला सांगता येईना. आत एक कॉट होती, तिच्यावर पांढरा एप्रन घडी करून ठेवलेला होता. तो तिघांपैकी कुणालाच बसण्यासारखा नव्हता.

पद्माकररावांनी फॉर्म पुढे ओढला. वर ठळक अक्षरात सूचना होती: ‘अभिप्राय आज पाच वाजेपर्यंत न मिळाल्यास पोच झाली नाही असे समजून पात्र पुन्हा पाठवण्यात येईल.’ आता तिघंच होते. त्यांनी भराभर लिहायला घेतलं. घरातील व्यक्ती, पोचेपूर्वी: चार. पोचेनंतर: तीन. पात्र पुस्तकाप्रमाणे आहे काय: होय, एक शब्दही बदललेला नाही. पुढे त्यांनी तथापि वगैरे काही लिहिलं नाही.

शेवटचा रकाना होता: ‘पुस्तकातील मूळ पानाची प्रत जोडावी. पानावर हाताने लिहिलेला मजकूर असल्यास प्रत बाद होईल.’

त्यांनी चौथा भाग उघडून पान एकशे अठरा काढलं. कडेला कुण्या लहान मुलाच्या अक्षरात पेन्सिलीने काहीतरी विचारलेलं होतं. खाली उत्तर होतं, आणि ते अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

“सुनंदा,” त्यांनी हाक मारली, “राणी कोण गं?”

“कोण राणी?” ती आतून म्हणाली.

ते बराच वेळ पानाकडे बघत बसले. घड्याळात साडेचार झाले होते. मग त्यांनी खोडरबर घेतला. आधी प्रश्न खोडला, कारण तो फिकट होता. उत्तर ठसठशीत होतं, त्याला वेळ लागला. ‘झोप आता’ वर त्यांचा हात थोडा थांबला, पण कार्यालय पाचला बंद होतं. त्यांनी फुंकर मारून चुरा उडवला, पान उजेडात धरून बघितलं. स्वच्छ झालं होतं. मग पुस्तक काखेत मारून ते झेरॉक्स काढायला गेले.