आठ चाळीसचा घुसखोर

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या इस्पितळातल्या एकशे बारा संगणकांपैकी एकही माझ्या परवानगीशिवाय शिंकत नाही! निदान त्या मंगळवारपर्यंत माझा तसा ठाम समज होता.

मंगळवारी संगणकाची प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की त्या प्रणालीत एक भगदाड सापडलंय. साध्या वापरकर्त्याने 'मदत'चं बटण दाबलं की मदतीची खिडकी उघडते, पण ती चुकून थेट मालकाच्या अधिकारात उघडते! म्हणजे पाहुण्याने पाणी मागावं आणि आपण त्याच्या हाती कपाटाच्या किल्ल्या द्याव्यात. भगदाड बुजवायचा पॅच सोबत होताच.

बुजवण्याआधी मी जुन्या नोंदी चाळल्या आणि अंगावर काटाच आला. रक्त तपासणीच्या खोलीतल्या संगणकावर गेली तीन वर्षं, रोज सकाळी आठ चाळीसला, कुणीतरी मालक होत होतं! दोन मिनिटं, की गायब. रविवारी सुट्टी.

मी धावत मोठ्या मॅडमकडे गेलो. इस्पितळ त्याच चालवतात.

"मॅडम, घुसखोर!"

"काय चोरलं त्याने?"

"तेच तर! काहीच नाही. किती मुरलेला असेल बघा!"

मी इतका रंगात आलो होतो, की त्यांच्याकडून सूचनाच काढून घेतली: जो सापडेल त्याला त्याच दिवशी कामावरून काढण्यात येईल. मजकूर माझा, उद्गारचिन्हंही माझीच. त्यातली दोन मॅडमनी खोडली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या संगणकांना पॅच लावला. बुधवारी साडेआठला दरवानाला घेऊन त्या खोलीच्या दाराआड दबा धरून बसलो. बाहेर बाकांवर चाळीसेक माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला थांबलेली.

आठ चाळीस झाले. आत फक्त लेबलवाल्या बाई! वीस वर्षं त्या रक्ताच्या नळ्यांवर नावांची लेबलं चिकटवतात. एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

"बाई, इथे घुसखोर आला होता का?"

"घुसखोराचं राहू द्या साहेब, आज 'मदत' नीट उघडत नाहीये!"

दरवानाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

लेबलं छापायचं यंत्र रोज सकाळी अडकतं, बाई सांगू लागल्या. ते बंद करून चालू करायची परवानगी त्यांना नाही. "एकदा असंच कुणी येईना, म्हणून 'मदत' दाबलं. तिथून जमलं. तेव्हापासून रोज करते. चुकलं का काही?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तीन अर्ज दिले की!" त्यांनी खणातून प्रती काढल्या. तिन्हींवर माझी सही, आणि माझ्याच झोकदार अक्षरात शेरा: तातडीचे नाही.

बाहेर एका आजोबांनी दारावर काठी आपटली. "रक्त घेताय की जीव?" मागोमाग सगळी रांग ओरडू लागली. त्या गलक्यातून मोठ्या मॅडम आत आल्या.

"सापडला का तो?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सूचना त्यांच्या समोरच्याच भिंतीवर होती. "साहेब, तो म्हणजे मीच का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "निवृत्तीला माझे सातच महिने राहिलेत."

खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. या बाईंच्या हातात रोज दोन मिनिटं त्या संगणकाची पूर्ण सत्ता होती आणि ती त्यांनी बाहेरच्या उपाशी माणसांसाठी वापरली. माझ्या हातात ती दिवसभर असते. तिचं मी काय करतो, ते त्या तीन कागदांवर लिहिलेलं होतं.

"सापडला, मॅडम," म्हणत मी अर्ज पुढे केले. "बाईंना ही वाट माझ्यामुळे शोधावी लागली. काढायचं तर मला काढा."

मॅडमनी तिन्ही शेरे सावकाश वाचले. "ते नंतर बघू. आधी यंत्र चालू करा!"

मी ऐटीत खुर्चीत बसलो, मालकाच्या अधिकारात शिरलो, आणि तेव्हा कळलं की यंत्र चालू कसं करतात ते मला माहीतच नाही! बाई मागून एकेक पायरी सांगत गेल्या. पहिलं लेबल आजोबांचं निघालं.

बाईंची नोकरी राहिली, रीतसर परवानगीही मिळाली. मला शिक्षा झाली: महिनाभर रोज सकाळी त्यांच्याकडे यंत्र शिकायचं. आज बारावा दिवस. बाई शिकवतात अगदी मनापासून, पण माझा हात बटणाकडे गेला रे गेला, की अजूनही मनगट धरतात!