सोळा मात्रांची जागा

आगाशेकाका रविवारी पेटी वाजवायचे ती भाता न उघडता. कोलोनमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात हाउसऑर्डनुंगचा, म्हणजे नियमावलीचा, कागद लावलेला होता आणि त्यात रविवारी दिवसभर शांतता पाळावी असं लिहिलं होतं. बाकीचे भाडेकरू त्या दिवशी वाजवतच नसत. काका वाजवत, पण आवाजाशिवाय. बोटं पट्ट्यांवरून पळायची, मान डोलायची, भुवया वर चढायच्या आणि खोलीत ऐकू यायची फक्त फ्रिजची घरघर. शेवटी घाम पुसत ते विचारत, "कसा झाला आज भूप?"

"छान झाला" म्हटलं की चिडायचे. "छान काय? अंतऱ्यात घाई झाली. लक्ष कुठे असतं तुझं?"

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचे. लहानपणी पुण्यात सहा वर्षं तबला शिकले होते. ते माझ्या नवऱ्यानं पहिल्याच भेटीत त्यांना सांगून टाकलं आणि माझे रविवार कामातून गेले. तबल्याऐवजी मला सोफ्यावरची उशी मिळाली. वाजवता वाजवता काका एक आख्खं आवर्तन, सोळा मात्रा, माझ्यासाठी मोकळं सोडत. डावीकडे वळून म्हणत, "घे मीना, आता तुझं." मी उशीवर काहीतरी बडवायचे, की कुजबुजत दाद यायची, "वा!"

तीस वर्षांपूर्वी ते इथल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले होते. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, दूध आणायचं राहून गेल्यासारखं.

तळमजल्यावर किर्स्ती नावाची फिनलंडची बाई राहायची. ती कांतेले वाजवायची. आपल्या स्वरमंडळासारखं, मांडीवर घेऊन छेडायचं वाद्य. एका शनिवारी तिनं जिन्यात उभं राहून काकांची पेटी ऐकली, या वेळी आवाजासकट, आणि थेट बेल वाजवली. फिनलंडमध्ये उन्हाळ्यात नव्या वळणाच्या लोकसंगीताचा महोत्सव असतो, तिथे तिच्या गटाबरोबर वाजवाल का, असं तिनं विचारलं. काका तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "मीना तबल्याला असेल तर."

"गेनाऊ, अगदी तसंच!" किर्स्ती म्हणाली. ठरलंच.

त्यानंतर काकांचा पाय जमिनीवर ठरेना. त्यांनी पेटीला मखमलीचा गलेफ शिवला, डासांचं मलम आणलं, माझ्या तबल्यासाठी हातोडी शोधली. मला मात्र दिवसेंदिवस धास्ती वाटायला लागली. सराव होता तो उशीवरचा. परक्या लोकांसमोर सत्तरीच्या काकांशेजारी बसून आपलं हसं होणार, असं वाटायचं. निघायच्या तीन दिवस आधी मी वर जाऊन म्हटलं, "काका, रजा नाही मिळाली. प्रोजेक्ट अडकलंय."

रजा मिळाली होती. मंजुरीची मेल माझ्याकडे आठवडाभर होती.

"असू दे गं. नोकरी महत्त्वाची," ते म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला मला किल्ली दिली. पुढचा आठवडा मी खोटं निभावायला रोज ऑफिसला गेले. मंजूर रजा रद्द करून कामावर येणारी बाई पाहून माझ्या जर्मन साहेबाला माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

काका परतले ते किश्श्यांची पोतडी घेऊन. एक व्हायोलिनवाला मोज्यांवर स्टेजभर नाचत वाजवतो, एक अकॉर्डियनवाली गाण्याआधी नुसता भाता उघडझाप करून वाद्याला श्वास घ्यायला लावते. "माझ्याच पंथातली!" ते म्हणाले. तबल्याचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

ख्रिसमसच्या आधी एका रविवारी किर्स्तीनं मला कॉफीला बोलावलं आणि हळू आवाजात त्या कार्यक्रमाची सीडी लावली. कांतेले, व्हायोलिन, मग काकांची पेटी. मधेच सगळं थांबलं. काकांचा आवाज आला, मराठीत, "घे मीना, आता तुझं." मग काहीच नाही. नीट कान दिला तर मांडीवर ताल धरलेला ऐकू येत होता. टाळी, टाळी, मग खालीची मोकळी जागा, मग पुन्हा टाळी. सोळा मात्रा पुऱ्या झाल्या. "वा!" काका म्हणाले आणि बरोबर समेवर पेटी सुरू झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"लोकांना ती शांतता सगळ्यात जास्त आवडली," किर्स्ती म्हणाली. "कसली आधुनिक कल्पना! पण तो काय म्हणतो तिथे?"

मी तशीच दोन मजले चढून गेले. काकांचं दार उघडंच होतं. भाता बंद, बोटं चालू.

"काका, मला रजा मिळाली होती," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"माहीत आहे. निघायच्या आधीच तुझा नवरा बोलून गेला होता जिन्यात." बोटं थांबली नाहीत.

"मग जागा कशाला ठेवलीत?"

"वाटलं, ऐनवेळी आलीस तर," ते म्हणाले. "आणि हळू रड. रविवार आहे."