आईच्या मिनिटांची वही

भिंगरीने घरात जाहीर करून टाकलं, की पाच दिवसांत ती आईला मोकळं करणार. वय वर्षं चौदा, हातात कोरी वही, कानामागे पेन्सिल. एवढ्या भांडवलावर माणसं राज्यं उभी करतात, ही तर एक आई होती.

आई भिंगरीच्याच शाळेत विज्ञान विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे दाराच्या फटीतलं बोट. मोठ्या बाईंनी वरून ढकललं काय, आठ शिक्षकांनी खालून ओढलं काय, चेंगरायचं आईनेच. आठ जणांनी लिहिलेली पाठांची टाचणं तपासायची, त्यांचे रुसवे काढायचे आणि घरी जेवताना फोनवर "हो बाई, बघते बाई" करायचं. सत्र सुरू झाल्यापासून भिंगरीच्या वाट्याला आई सलग तासभर आली नव्हती. त्यात आता परीक्षा विभागही आईच्याच गळ्यात पडायच्या बेतात होता.

शेवटी आईने शिक्षक संघटनेच्या ताईंना फोन लावला.

"पाच दिवस प्रत्येक कामाची मिनिटं लिहून ठेवा," ताई म्हणाल्या. "लेखी असेल तर सोमवारी मी तुमच्यासोबत मोठ्या बाईंसमोर बसते. नुसतं 'फार काम आहे' म्हटलं, की 'सगळ्यांनाच आहे' असं ऐकावं लागतं."

"अहो, लिहायला तरी वेळ कुठाय?"

"मी लिहिते," भिंगरी म्हणाली.

आईला वाटलं, पोरगी संध्याकाळी विचारून लिहील. पण ऐकीव पुरावा भिंगरीला कसा चालावा? तिसरा तास हा आईचा एकुलता मोकळा तास, म्हणून सगळी संकटं नेमकी तेव्हाच यायची. भिंगरी शिक्षकखोलीसमोरच्या जिन्यात दबा धरून बसली, बिळापुढच्या मांजरीसारखी.

'सोमवार, ११.०५. नवे सर नकाशांच्या कपाटामागे रडले. आईने समजूत काढली. १९ मिनिटं. चहा गार.'

'बुधवार, ११.०५. मोठ्या बाई दोन मिनिटांसाठी आल्या. ४१ मिनिटं.'

शुक्रवारी शेवटी तिने पदरची एक ओळ घातली: 'दर शुक्रवारी चार ते पाच, आई फक्त मुलीची. फोन बंद.'

शनिवारी सकाळी आई म्हणाली, "टेबलावरच्या टाचणवह्या मोठ्या बाईंकडे पोचव गं." सगळ्यांना तपकिरी कव्हरं. भिंगरीने अख्खा गठ्ठा उचलला आणि पोचवला.

"तुझी ती वही कुठाय?" मधल्या सुट्टीत आईने विचारलं.

"टेबलावर होती." भिंगरीचा आवाज बारीक झाला. "म्हणजे... गठ्ठ्यात."

आई खडूसारखी पांढरी पडली. "बाईंची मिनिटं लिहिलीस त्यात?"

"घड्याळ लावून."

दुपारी गठ्ठा परत आला. आईने वही उघडली. प्रत्येक पानाखाली लाल शाईत 'पाहिले, मंजूर' आणि मोठ्या बाईंची झोकदार सही. एकही अक्षर न वाचता!

सोमवारी ताईंनी तीच वही बाईंपुढे ठेवली. बाईंनी चष्मा लावला आणि प्रथमच वाचलं. बुधवारपाशी त्या थांबल्या.

"एवढा वेळ बसते मी?"

"बसा हो. मला आवडतं," आई चटकन म्हणाली. "फक्त कामं मग घरी न्यावी लागतात."

"माझ्या खोलीत बोलायला कोण येतं? सही घेतात नि पळतात." बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "परीक्षा विभाग दुसऱ्या कुणाला देते. तिसऱ्या तासाला तुमच्याकडे कुणी फिरकणार नाही, मीसुद्धा. चारनंतर फोन नाही. आणि हे शुक्रवारचं तर मी आधीच मंजूर केलंय म्हणायचं."

दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या भिंगरीला आत बोलावण्यात आलं. शाबासकीच्या तयारीने ती आली.

"नोंदी चोख आहेत," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या तासाला तुझा कोणता विषय असतो?"

"भूगोल."

"पाचही दिवस?"

भिंगरीने ताईंकडे आशेने पाहिलं.

"यात संघटनेला काही करता येणार नाही, बाळा," ताई म्हणाल्या.

शुक्रवारी चारला आईने फोन बंद करून कपाटात ठेवला आणि भिंगरीला कुशीत ओढलं. अख्खा तास कुणी मध्ये आलं नाही. दोघींनी मिळून सागरी प्रवाह संपवले.

"एक बुडालेला तास भरला," आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "अजून चार शुक्रवार भूगोलच."

आईच्या खांद्यावर डोकं टेकून भिंगरी विचार करत होती, की आणखी आठवडाभर तरी जिन्यात बसायला हवं होतं.