बोर्गहिल्डआजींच्या मफलरचा रणसंग्राम

मौजे स्कार्वनेस येथील समस्त वाचक, वर्गणीदार, मायबाप आणि आजीआजोबा यांचे सेवेसी बखरकाराची विज्ञापना ऐसी जे, ओल्या सप्टेंबरात एका मफलरचे निमित्ताने जो दंगा उसळला आणि ज्यात राजश्री ओडवारपंत ट्वेइटेन, वार्ताहर, हे एकटे तिहेरी वेढ्यात सापडोन शर्थीने निभावले, त्याचा करीना लिहावा अशी आज्ञा कोणी केली नाही. तथापि न लिहिला तर पुढिलांस कळणार कैसे, म्हणोन लिहिला आहे. चुकले असेल ते पदरात घ्यावे. चुकले असेलच.

प्रथम मुलखाचा कायदा सांगतो. दहा वर्षांची पोरे चेंडू खेळतात, त्या सामन्यात जय कोणाचा आणि पराजय कोणाचा हे वर्तमानपत्राने छापू नये, गोल कोणी मारिला त्याचे नाव घेऊ नये, ऐसी खेळमंडळाची सक्त ताकीद. हेतू इतकाच की पोरांनी मौजेखातर खेळावे आणि हरल्याचा डाग कागदावर उमटू नये. कायदा उत्तम आहे आणि पोरे त्यास राजी आहेत; शेवटची शिटी झाली की दोन्ही फौजा एकदिलाने वाफलांच्या टेबलावर चालून जातात, आणि मग तपकिरी चीज कोणाच्या वाफलवर जाड पडले याखेरीज दुसरा तंटा राहत नाही. परंतु मायबापांस हिशेबाची तहान फार. कोणी एका खिशातले खडे दुसऱ्या खिशात टाकतो, कोणी हातमोज्यात बोटे मुडपोन ठेवतो, आणि विचारिले तर म्हणतो, "छे, आम्ही कुठे मोजतो!"

ऐशा मुलखात ओडवारपंतांकडे बालक्रीडेचे पान होते. गडी मितभाषी, पन्नाशी उलटलेला, चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच राहू देणारा. शनिवारी मैदानाच्या कडेस उभे राहावे आणि गुरुवारच्या अंकात निकाल सोडोन सर्व काही लिहावे: वारा कोणीकडून होता, कोणाच्या बुटाची नाडी सुटली, कुत्रा मैदानात शिरला तो कोणी धरिला आणि बाहेर नेताना तो कैसा नाखूष होता. पोरे ते पान कातरोन पलंगाशेजारच्या भिंतीस चिकटवीत, आणि पंतांस जन्मात दुसरी बढती नको होती.

मग तो शनिवार उगवला. स्कार्वनेसची लाल फौज आणि फ्योर्डापलीकडील, म्हणजे समोरच्या खाडीपलीकडील, लीसविकची निळी फौज चिखलात समोरासमोर ठाकल्या, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी बसोन खेळाची एकही तसबीर धड उतरेना, तेव्हा सामना संपता संपता पंतांची नजर छपराखाली बसलेल्या बोर्गहिल्डआजींवर गेली. आजी स्कार्वनेसच्या, वय ऐंशीपलीकडे, सामना कोणाचाही असो, मांडीवर नवा मफलर घेऊन दोन्ही फौजांच्या रंगांचे पट्टे विणीत बसणार; त्या दिवशी लाल-निळे. पंतांनी त्यांचा कॉफीचा फ्लास्क उचलोन मफलरवर मध्यभागी ठेविला, म्हणजे तसबीर शोभेल, आणि कळ दाबिली. गुरुवारी ती पानभर छापिली. खाली लिहिले, "नजर खेळाकडे, हात कामाकडे." पंतांस ते वाक्य बरे वाटले होते. येथेच घात जाहला.

अंक घरोघर पोचला आणि मग कचेरीतला टेलिफोन वाजला. पहिला हल्ला रग्नाबाईंचा, ज्यांचे चिरंजीव एलिफ हे लाल फौजेचे गोलकीपर.

"ओडवार, मी रग्ना. फोटोत आजी आहे."

"हो. छान आल्यात ना?"

"आजी छान आल्यात. एलिफ कुठाय?"

"तो... तिकडे गोलात होता."

"वसंतात तुम्ही त्याची पाठ छापलीत. म्हटलं, चला, पाठ तर पाठ. आता पाठसुद्धा नाही!"

पंतांनी दिलगिरी अर्पण केली आणि फोन ठेविला, तोच दुसरा मोर्चा उघडला. हे खेळमंडळाचे निरीक्षक टोर्लाइफसाहेब, कायद्याचे रखवालदार, ज्यांनी ती ताकीद स्वहस्ते लिहोन क्लबाच्या भिंतीवर टांगिली होती.

"शाबास, ओडवार. आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती."

"कशाची?"

"निकाल छापायची."

"मी फक्त आजी छापल्यात!"

"आजींच्या मांडीवर काय आहे?"

"मफलर."

"लाल गोल झाला की लाल पट्टा, निळा झाला की निळा. अहो, अख्खा गाव त्यांच्या मांडीकडे बघून निकाल वाचतो! तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

पंत खरोखर गाफील होते. इतकी वर्षे त्यांची समजूत ऐसी की आजी पाहुण्यांचाही रंग विणतात ते सौजन्य म्हणोन. हे त्यांनी बोलोन दाखविले, तेव्हा पलीकडून हुकूम सुटला की हा प्रमाद पुन्हा घडता कामा नये. दुरुस्ती, खुलासा किंवा आकडा, काहीही छापिले तर तोही निकालच समजला जाईल.

तिसरा हल्ला सोमवारी दर्यापलीकडून आला आणि तोच भारी होता. लीसविकचे यूस्टाइन, पेशाने बोटींचे इंजिन दुरुस्त करणारे, आवाजही इंजिनासारखाच.

"सहा लाल, चार निळे. हे काय आहे?"

"ते... मफलर आहे."

"आम्ही पाच मारले! पाचवा कुठे गेला?"

मग यूस्टाइन यांचा आवाज एकाएकी खाली आला.

"हे बघा, मला हरण्याचं काही नाही. पण पाचवा माझ्या सुनिवाचा होता. जन्मातला पहिला. पोरीनं तो फोटो भिंतीला लावलाय आणि रोज पट्टे मोजते. काल मला विचारते, बाबा, माझा गोल नंतर रद्द झाला का? काय सांगू मी तिला?"

पंतांनी शोध करोन कळवितो ऐसे सांगितले आणि फोन ठेविला.

खबर संपादिका सोल्फ्रिडबाईसाहेबांपर्यंत पोचली, कारण त्यांचे टेबल शेजारीच होते. बाई न्यायी, परंतु टेलिफोनाच्या घंटेस विटलेल्या. त्यांनी चष्मा काढिला आणि फर्माविले, "ओडवार, वसंतात पाठीचं प्रकरण झालं, उन्हाळ्यात त्या कुत्र्याच्या मालकाचं. आता हे. पुढच्या सोमवारच्या बैठकीपर्यंत हे मिटव. त्यानंतर बालक्रीडेवरून एक तक्रार आली, तर ते पान बंद आणि तू नगरपालिकेच्या बैठकांना."

"सगळ्या बैठकांना?"

"सांडपाण्याच्या धरून."

येणेप्रमाणे वेढा पक्का जाहला. पाचवा पट्टा छापावा तर टोर्लाइफ यांचा कायदा मोडतो. न छापावा तर एका पोरीचा पहिला गोल जगातून नाहीसा होतो. आणि कोणताही पक्ष पुन्हा ओरडला तर पान जाते. पंतांनी पुष्कळ मसलत केली, परंतु मसलतीस ते एकटेच असल्याने ती पुढे सरकेना. मग छत्री घेऊन ते खासा बोर्गहिल्डआजींच्या घरी चालून गेले.

आजींनी कॉफी ओतली आणि मफलर टेबलावर लांबविला. सहा लाल, पाच निळे. फ्लास्काखाली दडलेला पट्टा साफ दिसो लागला.

"फ्लास्क तूच ठेवलास रे तिथे," आजी म्हणाल्या. "मी म्हटलं, ठेवू दे, शिकलेला माणूस आहे."

"आजी, हा पट्टा रुंद का आहे? बाकीच्यांपेक्षा?"

आजी हसू लागल्या. "त्या पोरीचा गोल. एवढीशी पोर! चेंडू आला, गुडघ्याला लागला, आत गेला, आणि ती मागे वळून बघतेय, कुणी मारला म्हणून! गोल आमच्यावर झाला, पण हसता हसता माझी एक ओळ जास्त विणली गेली. उसवायचं जिवावर आलं."

पंत पट्ट्याकडे पाहत राहिले. मग खिन्नपणे बोलिले की हा छापिता येत नाही, दुरुस्तीची मनाई आहे.

"कसली मनाई? तुमच्याच पेपरात त्या विणकामाच्या कोपऱ्यात टोपीचा नमुना चुकला होता. माझ्या बहिणीच्या टोपीला तिसरा कान आला! पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापलीत की नाही?"

पंतांनी कप बशीवर ठेविला आणि खिशातून पेन काढिले.

"आजी, या मफलरचा नमुना सांगता?"

"सांगते की. पण कॉफी संपव आधी, थंड झाली की तिला चव राहत नाही."

मग ओडवारपंत कागद घेऊन बसले आणि आजी बोलत गेल्या, आणि टाके किती, सुया कोणत्या, लोकर कोणती, सर्व तपशील उतरविला गेला. सोल्फ्रिडबाईंनी मजकूर वाचिला, दोनदा वाचिला, पंतांकडे पाहिले आणि पुढे धाडिला. गुरुवारी तो विणकामाच्या कोपऱ्यात, भाजलेल्या बांगड्याच्या पाककृतीशेजारी, या शब्दांत प्रसिद्ध जाहला: "गेल्या अंकातील छायाचित्रात दिसणाऱ्या मफलरचा नमुना अनेकांनी मागितला आहे. पट्टे लाल सहा, निळे पाच. छायाचित्रात एक निळा पट्टा वार्ताहराने फ्लास्क ठेवल्यामुळे झाकला गेला, त्याबद्दल विणणाऱ्यांची क्षमा मागतो. पाचवा निळा पट्टा इतरांपेक्षा एक ओळ रुंद विणावा. तो रद्द करू नये. मफलरची शोभा त्यातच आहे." आणि बालक्रीडेच्या पानावर एलिफची तसबीर समोरून, दोन्ही डोळ्यांसह छापिली. रग्नाबाईंकडील आघाडी त्याच सकाळी शांत जाहली.

दुपारी टोर्लाइफसाहेब अंक काखेत मारोन खासा कचेरीत दाखल जाहले. रेनकोटाचे पाणी फरशीवर ठिबकत होते.

"हे विणकाम आहे?"

"विणकामच," पंत बोलिले.

"हे 'रद्द करू नये' हे काय आहे?"

"काही बायका रुंद पट्टा दिसला की उसवतात."

साहेबांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढिली आणि उभ्यानेच चाळिली. निकाल होता, गुणतक्ता होता, बक्षीस होते. लोकर कोठे नव्हती. त्यांनी पुस्तिका मिटली आणि फर्माविले, "लोकरीवर आमचा अंमल नाही." मग दारातून मागे वळोन हळूच म्हणाले, "बायकोनं सकाळीच सुरू केलाय. पाहुण्यांच्या रंगाला निळ्याऐवजी हिरवा चालेल का?" पंतांनी चालेल ऐसा कौल दिला.

दोन बुरूज पडले, परंतु लीसविकची खबर येईना. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला आणि सोमवार उजाडला. बैठक बसली, कॉफी वाटली गेली, सोल्फ्रिडबाईंनी पानांची यादी हाती घेतली, आणि बालक्रीडेचे नाव निघते तोच टेलिफोन वाजला. सारी मंडळी पंतांकडे पाहो लागली. पंतांनी तो उचलिला.

"ओडवार? यूस्टाइन बोलतोय. लीसविकहून."

"बोला," पंत म्हणाले. सोल्फ्रिडबाईंनी पेन खाली ठेविले.

"तो पाचवा निळा पट्टा."

"छापलाय. एक ओळ रुंद."

"वाचलं. पोरीनं तर घरभर वाचून दाखवलं. आता म्हणते, बाबा, हा मफलर तूच विणायचा, आईनं हात लावायचा नाही. चार दिवस विणतोय मी, दुकान बंद ठेवून. लोक इंजिनं घेऊन येतात आणि परत जातात. आता त्या पट्ट्यापाशी पोचलोय. पण लोकर बदलली की तिथे भोक पडतं."

"भोक?"

"प्रत्येक वेळी. बाकीच्या भोकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या पट्ट्याला भोक नको, ओडवार. त्याला नको."

पंतांनी फोन छातीशी धरिला आणि मंडळीस प्रश्न कथन केला. मग सोल्फ्रिडबाई उठल्या आणि त्यांनी फोन आपल्या हाती घेतला.

"यूस्टाइन, ऐका. जुना धागा आणि नवा धागा एकमेकांत एकदा अडकवायचे. मग टाका घालायचा. नाही, ओढायचं नाही. इंजिन नाहीये ते. हळू... हं. आता बघा." बराच वेळ गेला. पलीकडून काहीतरी ऐकू आले आणि बाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटले. "नाही ना पडलं? मी सांगितलं होतं."

त्यांनी फोन ठेविला आणि सभेस उद्देशोन निवाडा दिला की आलेला फोन ही तक्रार नसोन विचारणा आहे, सबब अट मोडली नाही, आणि बालक्रीडेचे पान ओडवारपंतांकडे पूर्ववत चालावे. पंतांनी चष्मा पुसला, आणि पुसोन झाल्यावरही पुसतच राहिले.

येणेप्रमाणे स्कार्वनेसची मोहीम तडीस गेली. उभय पक्षी मनुष्यहानी नाही. एक फ्लास्क गैरजागी ठेविला गेला, पुष्कळ लोकर खर्ची पडली आणि लीसविकच्या काही बोटी आठवडाभर किनाऱ्यास बांधोन राहिल्या. ओडवारपंत विजयी जाहले. हे येथे नाव घेऊन, उघड नमूद केले आहे, आणि यात कोणत्याही नियमाचा भंग नाही. कारण या लढाईत जे जे लढले ते सर्व दहा वर्षांहून मोठे होते.